एक पत्ता जाईल एवढी जागा

मी आयुष्यात एकदा इंजिनाचा सुटा भाग म्हणून काम केलं आहे. घरातली पोरं यावर हसतात. त्यांची आई आता हसतही नाही, इतक्यांदा तिनं ऐकलंय. पण गोष्ट खरी आहे. आमच्या दादानं लढाई संपल्यावर लष्करानं डिस्पोजलमध्ये विकलेल्या एका फटफटीचं इंजिन खिळा-खिळा सोडवून पुन्हा बांधलं, आणि त्या इंजिनात जास्तीची हवा कोंबायला जी वस्तू लागत होती, ती वस्तू मी होतो.

साठ साल उलटून गेलं होतं. आम्ही बाभुळगावला राहायचो. मी राळेगावकडच्या एका खेड्यात शाळामास्तर, सुट्टीला घरी आलेला. दादा गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्याच जिनिंगच्या मोठ्या इंजिनावर आमच्या बानं तेलवाला म्हणून उमर घालवली होती, आणि त्या इंजिनानं बाचे कान खाल्ले होते. समोर उभं राहून ओरडलं तर बाला अर्धं ऐकू यायचं. उरलेलं अर्धं तो मनानं भरून घ्यायचा, आणि मनानं भरलेलं नेहमी आमच्या विरुद्ध जायचं.

कान गेले तरी बा इंजिन ऐकायचा, ते दातांनी. काठीचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. मग कुठली बेरिंग कोरडी झाली, कुठलं टॅपेट सैल पडलं, हे त्याला दाढेतून कळायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाप इंजिन चावून पाहतात.

दादाला जिनिंग सोडायची होती. सकाळी उठल्यावर त्याच्या कानात आता शिट्टी वाजायची, आणि ती शिट्टी पुढे कुठे घेऊन जाते हे त्याला घरातच दिसत होतं. यवतमाळात एक चाचा होते, मोटारी आणि फटफट्या दुरुस्त करणारे. त्यांच्याशेजारी स्वतःचं दुकान टाकावं असं त्याच्या मनानं घेतलं होतं. ती फटफटी चाचांच्या अंगणात गंजत पडलेली होती. चाचा म्हणाले, "ले जा बेटा. चली तो तेरी, नहीं चली तो भी तेरी."

बाला हे काही मान्य नव्हतं.

"पगार येते ना महिन्याले? मंग?" बा म्हणाला. "मह्या कानानं घर चाललं. कान गेले, घर नाही गेलं."

"मले दोनी ठेवाचे हायेत," दादा ओरडून म्हणाला.

"काय ठेवाचं हाये?"

"कान. अन् घर."

मग बानं अट घातली. संक्रांतीनंतर राळेगावच्या वाटेवरच्या एका गावात शंकरपट भरायचा. पट म्हणजे सरळ पट्टी, वळण नाही, बैलजोडी एका टोकाहून सुटते आणि दुसऱ्या टोकाला पोचते. पटवाल्यांनी त्या साली फटफटीला जोडीबरोबर पळवायचं कबूल केलं होतं, लोकांना तमाशा हवाच असतो. बा म्हणाला, "घरून चालवत ने, पटावर पळव, अन् घरी चालवत आण. बैल पुढं गेले तरी चालन. पण घरी ढकलत आणली, तं सोमवारी जिनिंगवर हजर व्हाचं. मंग दुकानाचं नाव काढाचं नाही."

दादा 'हो' म्हणाला. मीही म्हणालो, मला कोणी विचारलं नव्हतं तरी.

इंजिन बांधायला आम्ही मागच्या छपरीत बसलो. दादानं रिंगा बदलल्या, व्हॉल्व घासून बसवले. इंजिनाला दोन दरवाजे असतात असं समजा, एक हवा आत घ्यायचा, एक धूर बाहेर सोडायचा. हे झाले व्हॉल्व. त्यांना खालून वर ढकलतात ती टॅपेटं. टॅपेट आणि व्हॉल्वच्या दांडीमध्ये बारीकशी फट ठेवावी लागते, कारण इंजिन तापलं की लोखंड लांबतं. फट किती, हे मोजायची पट्टी आमच्याकडे नव्हती. दादानं चाचांना विचारलं तेव्हा मी तिथंच होतो. चाचा दुसऱ्याच्या मोटारीखाली आडवे होते. तिथूनच म्हणाले, "एक पत्ता जाए उतनी जगह रख. ज्यादा नहीं, कम नहीं. ठंडे में."

घरी आल्यावर दादा वहिनीपुढे उभा राहिला. वहिनी सुपात तेंदूपत्ता घेऊन बिड्या वळत होती.

"एक पत्ता दे. चांगला पाहून, बिनशिरेचा."

"कोणाची बिडी करता?"

"इंजनाची."

"त्याले तमाखूही लागन मंग," वहिनी म्हणाली, आणि तिनं कातरीनं कापलेला नीट चौकोनी पत्ता त्याच्या हातावर ठेवला.

त्या पत्त्यावर दादानं दोन्ही टॅपेटं लावली. पत्ता जरा अडत, सरकत जाईल इतकी फट. मग किक मारली. फटफटी पहिल्याच किकेत लागली, आणि बाकी धडधड सोडली तर आतून चकार शब्द काढीना. दादा तिच्या पोटाशी कान लावून बसला. त्याचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता.

"आयकलं का मास्तर? कटकट नाही. चाचाच्या तिथली एकेक गाडी सासूसारखी कटकट करते. मही मशीन कोणाचे कान नाही खाणार."

मी शाळामास्तर असल्यामुळे मान डोलावली.

आता हवेची गोष्ट. दादाच्या डोक्यात आलं होतं की लोहाराच्या भट्टीला हवा दिली की लोखंड लाल होतं, मग इंजिनाला का देऊ नये. त्यानं लोहाराचा हाताने फिरवायचा पंखा मागून आणला, त्याच्या तोंडाला सायकलची ट्यूब बांधली आणि तिचं दुसरं टोक कार्बोरेटरमध्ये कोंबलं. पंखा फिरवायला माणूस हवा. दादानं माझ्याकडे पाहिलं. असा मी मागच्या सीटवर, मांडीवर पंखा, उजव्या हातानं दांडा गरगर फिरवतोय, डाव्या हातानं दादाचा सदरा धरलाय, या अवस्थेत गावातून गेलो. माझ्या शाळेतली पोरं त्या गावात नव्हती, एवढंच नशीब.

वहिनी दारातून म्हणाली, "दोघं भाऊ इंजनाले वारा घालून राह्यले. मले उन्हाळ्यात कोणी नाही घातला."

नाल्यावरच्या पुलापर्यंत फटफटी हरणासारखी गेली. परतताना कार्बोरेटरमधून फुसफुस सुरू झाली, मग फाट् फाट् असे दोन उलटे आवाज, आणि ती बसली. दादानं किक मारली तर किक लोण्यात पाय घातल्यासारखी खाली गेली. काही जोरच नाही. ढकलत आणून निंबाखाली उभी केली. जेवण झाल्यावर किक मारली तर पुन्हा पहिल्यासारखी घट्ट, आणि फटफटी एका किकेत चालू.

हे रोज. थंड असली की शहाणी, तापली की आमच्या घराण्याची.

पट जवळ येत होता आणि माझ्या जिवाला बसणं म्हणून माहीत नव्हतं. बसलो की उठावं वाटे, उठलो की इंजिनाकडे जावं वाटे, गेलो की दादा म्हणे, उजेड अडवू नको. मी वहाणा घालायचो, काढायचो. शाळेतल्या पोरांना मी 'स्थिर बसा' असं का सांगतो, असा प्रश्न मला त्या आठवड्यात पहिल्यांदा पडला. दादाची अस्वस्थता वेगळी. तो बोलायचा नाही, नुसता खोलायचा. प्लग काढला, घासला, लावला. पेट्रोलमध्ये घासलेट आहे म्हणाला, ते बदललं. मी मोठ्या मनानं सुचवलं की पंख्याची हवा जास्त होत असेल, मला उतरवून पाहा. मला उतरवलं. फटफटी पुलापर्यंत गेली आणि तशीच बसली. मी निर्दोष ठरलो, पण मला मागे बसणं पुन्हा लागू झालं.

चाचांना यवतमाळला जाऊन विचारलं. ते म्हणाले, "गरम होके दबाव छोड़ती है, तो वॉल्व की स्प्रिंग मर गई होगी." स्प्रिंगा नव्या आणल्या, घातल्या. तेच.

"व्हॉल्व बसत नसन," दादा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "पण टॅपेट तं मी पाह्यलं. पत्ता बरोबर जाते."

पाहिलं होतं खरं, पण दर वेळी मशीन थंड असतानाच. चाचा 'ठंडे में' म्हणाले होते, आणि दादा सांगितलेलं तंतोतंत पाळणारा माणूस.

पटाच्या दिवशी पहाटेच्या गारव्यात आम्ही निघालो, म्हणजे मशीन जितकी उशिरा तापेल तितकी बरी. बा शेजाऱ्यांच्या बैलगाडीत आधीच गेला होता. वाटेत दोन वेळा थांबून तिला सावलीत उभं केलं. तरी पट दिसायला लागला आणि ती फुसफुसली आणि बसली. आम्ही तिला बाभळीच्या झाडोऱ्यात नेऊन लपवलं. पटावर गर्दी दाटली होती, जोड्या सुटत होत्या, धूळ उडत होती. कर्ण्यावरचा माणूस मधून मधून सांगत होता की फटफटीवाले बाभुळगावकर आले असतील तर त्यांनी तयार राहावं.

"येथून घरी कशी जाईन ही?" मी विचारलं.

"तू गप्प राह्य."

"मी गप्पच हाओ. विचारून राह्यलो फक्त."

ती जराशी निवल्यावर दादानं सुरू केली, आणि ती चालू असतानाच मागे बा उभा. आमची भंबेरी उडाली. बानं आमच्याकडे पाहिलं नाही. इतक्या दिवसांत त्यानं मशीनला हात लावला नव्हता, छपरीकडे फिरकला नव्हता. आता मात्र वाकला, काठी इंजिनाला टेकवली, दुसरं टोक दातांत धरलं आणि डोळे मिटले.

मी दादाकडे, दादा बाकडे. मग बानं काठी बाजूला घेतली. त्याचा चेहरा उतरला होता.

"गेलं," तो म्हणाला. "उरलंसुरलं होतं तेही गेलं."

"काय गेलं, बा?"

"आयकणं. इंजन चालून राह्यलं हे हाताले समजते. पण टॅपेट बोलतच नाही. दातही बहिरे झाले मले वाटते." तो काठीच्या टोकाकडे बघत राहिला. "जिनिंगचं इंजन सुटीच्या दिवशीही मह्या दाढेत कटकट करे."

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. दादानं मात्र एकदम इंजिन बंद केलं आणि बसकण मारून बाजूचं झाकण खोललं. लोखंड तापलेलं होतं, बोटं भाजली असणार. खिशातून तेंदूपत्त्याचा तुकडा काढला आणि फटीत घालायला गेला.

पत्ता जाईना. फटच नव्हती.

"बाचे दात बरोबर हायेत," दादा हळू म्हणाला. "आयकासारखं काही नाहीच इथं. तापली का दांडी लांबते, टॅपेट टेकते, व्हॉल्व उघडाच राह्यते. कटकट नाही म्हणून मी नाचून राह्यलो. ती कटकटच पायजे होती."

"पण चाचा तं म्हणे एक पत्ता..." आणि हे म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांपुढे चाचांची हत्यारपेटी आली. पान्यांच्या मधोमध एक काळाकुट्ट, तेलानं माखलेला बदामाचा राजा पडलेला असायचा. मी दर वेळी त्याच्यावरून नजर वळवून घेत असे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बानं घरातला पत्त्यांचा जोड चुलीत घातला होता. त्याआधी बा म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला पत्तेवाला. त्या दिवसापासून आमच्या घरात दारू आली नाही, जुगार आला नाही, आणि पत्ता या शब्दाचा अर्थ एकच उरला, वहिनीच्या सुपातला.

"दादा," मी म्हणालो, "चाचाचा पत्ता खेळाचा होता. बिडीचा नाही."

दादानं तेंदूपत्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "जाड असते तो," तो म्हणाला. "आण."

"कुठून?"

त्यानं हनुवटीनं दाखवलं. पटाच्या कडेला चिंचेखाली तीन-चार टोळकी बसली होती. पटाला जुगारी येणारच.

मी चिंचेकडे निघालो. मी मास्तर, सदरा पांढरा, पायात वहाणा, आणि तोंडावर असे भाव की मी भलत्याच कामाला चाललोय. पहिल्या टोळक्याशी जाऊन उभा राहिलो.

"एक पत्ता मिळन का?"

"बस ना मास्तर. एक कायले, तेरा घे."

"खेळाचं नाही. मले फक्त एक पायजे. वापस देतो."

"एक पत्ता नेला तं आमी काय खेळू बे, फुगडी?"

दुसऱ्याने विचारलं, "कायले पायजे?"

"इंजनाच्या फटीत घालाले."

ते एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पत्ते पिसणाऱ्या म्हाताऱ्यानं एक पत्ता माझ्यापुढे टाकला. "जोकर ने. आम्हाले लागत नाही, अन् तुले शोभते."

मी तो उचलला, वळलो, आणि मागे बा. त्यानं माझं मनगट धरलं. हातातल्या जोकरकडे बघितलं, चिंचेखालच्यांकडे बघितलं.

"मास्तर झाला तू," तो म्हणाला. बाकीचं बोलला नाही, ते जास्त लागलं.

आता हे बाला हळू सांगता येण्यासारखं नव्हतं. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "बा, पत्ता टॅपेटसाठी पायजे." त्याला अर्धं ऐकू गेलं असावं. "कोणासाठी?" मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा एक जोडी सुटायची थांबली होती आणि अर्धा पट आमच्याकडे बघत होता. कर्ण्यावरच्या माणसानंच ते कर्ण्यातून सांगितलं, "मास्तरचा पत्ता टॅपेटसाठी हाये, बाबा." ते मात्र बाला ऐकू गेलं. त्यानं मनगट सोडलं, पण जोकर स्वतःकडे घेतला आणि बाभळींकडे चालू लागला. मी मागे मागे.

दादा टॅपेटच्या नटांना दोन पाने लावून बसला होता. "निवली नाही अजून," तो म्हणाला. "पण गरमच लावतो. थोडी सैल राहीन तं राहो. करू दे कटकट."

एका पान्यानं टॅपेट धरायचं, दुसऱ्यानं नट सैल करायचा, आणि पत्ता धरायला तिसरा हात लागतो. मी हात पुढे केला. बानं तो बाजूला सारला. खाली बसला, जोकर दोन बोटांत धरला आणि फटीत सारला. कित्येक वर्षांत त्या बोटांत पत्ता आला नव्हता, पण बोटं विसरली नव्हती. डोळे मिटून तो पत्ता मागे-पुढे करत राहिला.

"अजून उतरव," तो म्हणाला. "अजून. बस. आता गेला."

दुसरं टॅपेट. कर्ण्यावर आमचं नाव शेवटचं म्हणून पुकारलं. मी तीनदा बाभळीबाहेर जाऊन 'आलो, आलो' असा हात करून आलो. कुणी विचारलं नव्हतं.

दादानं किक मारली. फटफटी लागली, आणि आतून कटकट, कटकट, कटकट, जणू कोणी डब्यात फुटाणे हलवतंय. बानं काठी टेकवली, टोक दातांत धरलं. आम्ही थांबलो. त्यानं काठी काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"आयकू येते," तो म्हणाला, आणि धोतराच्या सोग्यानं काठीचं टोक पुसत बसला. जरा जास्तच वेळ पुसलं.

पटावर काय झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातला माझा भाग थोडाच आहे. शेजारच्या पट्टीवर खिल्लारी जोडी होती. मी मागे, मांडीवर पंखा, दांडा गरगर. सुटायचं फडकं पडलं, दादानं मूठ पिळली, फटफटी पुढे गेली आणि मी आणि पंखा होतो तिथंच राहिलो, जमिनीवर. लोक म्हणाले, ओझं गेल्यावरच ती खरी पळाली. तरी बैल चार हात पुढे राहिले. जोडीवाल्यानं बैलांना गुलाल लावला, त्यातला चिमूटभर माझ्याही डोक्याला लावला.

येताना दादाच्या मागे बा बसला. तीन माणसं आणि पंखा मावत नव्हते, म्हणून पंखा खांद्यावर घेऊन मी चालत निघालो. त्यांचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता. मग ऐकू येईना, आणि माझा जीव पुन्हा वर-खाली. आता बसली असेल का? पुढच्या वळणावर ढकलत असतील का? प्रत्येक वळणाआधी मी पावलं भराभर टाकायचो आणि वळणावर कोणी नसायचं. मागून आलेल्या गाडीवाल्यानं विचारलं, "मास्तर, बसता का?" मी नाही म्हणालो. बसवणार कुठं होतं? नाल्याच्या पुलाशी मी खाली वाकून पाहिलं. तिथं दर वेळी तेलाचे थेंब पडलेले असायचे. जुनेच होते, नवा एकही नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. फटफटी निंबाखाली उभी, स्वतःच्या पायावर आलेली. ओसरीवर दादा आणि बा बसले होते, वहिनी भाकरी करत होती. ती मला पाहून म्हणाली, "इंजनाचा एक पार्ट रस्त्यात राह्यला होता. आला बाप्पा."

"अट पुरी झाली," दादा मोठ्यानं बाला म्हणाला. "सोमवारी जिनिंगवर जाऊ का नको?"

बानं हात कानाशी नेला. अर्धं ऐकलं, अर्धं मनानं भरून घेतलं. मी उभा, पंखा अजून खांद्यावरच.

"चाचाच्या बाजूले कडुलिंब हाये म्हणते ना," बा म्हणाला. "तेथच जागा पाह्य. सावलीत मशीन लवकर थंडी होते. उघड्यावर घेशीन तं टॅपेट कधी लावशीन?"

वहिनीचे भाकरीवरचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

बानं कनवटीचा जोकर काढला, चुलीच्या उजेडात उलटासुलटा करून पाहिला. मला वाटलं, आता चुलीत. पण तो दादाच्या हत्यारपेटीकडे गेला, पान्यांच्या मधोमध पत्ता ठेवला आणि झाकण लावलं.

"घरात नाही ठेवाचा," तो म्हणाला. "पेटीत राह्यते तो."